परवाना कुठल्या गावचा?

गुलबर्गा म्हटले की आपल्या गोव्यातल्या मराठी माणसाला एकच गाव आठवते, गाणगापूर. डिचोली, साखळी, फोंडा, पेडणे, कुठल्याही बाजूला जा, वाड्यावर गाणगापूरला जाऊन आलेला एक तरी माणूस भेटतोच. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान, निर्गुण पादुकांचे दर्शन, दुपारची माधुकरी आणि मग परतीची गाडी. पिढ्यान्‌पिढ्या आपण त्या मुलखात जातो आणि एवढेच पाहून येतो. १ नोव्हेंबर २०१४ रोजी गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले, तरी आपल्या तोंडी गुलबर्गाच राहिले. तिथली माणसे कशी जगतात, घरात काय बोलतात, सरकारी कचेरीत गेली की काय बोलतात, हे विचारायला आपण थांबत नाही. देवाला गेलेला माणूस गावात थांबत नाही.

मीही थांबलो नव्हतो. पण २०१६ च्या पावसाळ्यात बँकेने बढती दिली आणि बढतीबरोबर बदलीचा कागदही दिला. बिदर जिल्हा, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेले एक तालुक्याचे गाव. घरी बायको म्हणाली, ‘‘गाणगापूर जवळ पडेल, दर पौर्णिमेला जाऊ.’’ तीन वर्षांत आम्ही दोनदा गेलो. बाकीचा काळ रहिवासी म्हणून गेला, आणि रहिवासी होणे म्हणजे काय हे मला कळले ते मोटार चालवण्याच्या परवान्यामुळे.

त्याचे असे झाले. माझा परवाना १९९७ चा, गोव्याचा. जुन्या नियमाप्रमाणे तो वीस वर्षे किंवा वयाची पन्नाशी, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत चालायचा. म्हणजे २०१७ मध्ये माझी वीस वर्षे भरली. नूतनीकरणासाठी डिचोलीला जायचे तर रजा हवी, आणि मार्च महिन्यात बँकेत रजा मागणे म्हणजे लग्नघरात उपास मागण्यासारखे. मी कायदा काढून पाहिला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १३ वे कलम सांगते की परवाना देशभर चालतो. १५ वे कलम सांगते की ज्या कचेरीने परवाना दिला तिच्याहून वेगळ्या कचेरीने नूतनीकरण केले, तर तिने मूळ कचेरीला तसे कळवावे. म्हणजे कायद्याच्या मनात काही शंका नव्हती. माणूस हिंडतो, कागद त्याच्या मागून जावा, असेच त्यात गृहीत आहे.

पण कायदा आणि खिडकी यांत बरेच अंतर असते. त्या मुलखातल्या एका परिवहन कचेरीत मी गेलो. गावाचे नाव सांगत नाही, कारण दोष गावाचा नव्हता आणि खिडकीमागच्या माणसाचाही फारसा नव्हता. त्याने माझा जुना कागदी परवाना हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारले, ‘‘गोवा?’’ जणू मी लिस्बनचा कागद आणला होता. मग गोव्याचा ना हरकत दाखला आणा, भाडेकरार आणा, बँकेचे पत्र चालणार नाही, चाळिशी उलटली म्हणून डॉक्टरचा दाखला आणा. मी पाच खेपा घातल्या. सहाव्या खेपेला काम झाले. यात विशेष काही नाही. पाच खेपा हा आपल्या देशात सरकारी कामाचा सरासरी भाव आहे, आणि मला तो परवडणारा होता. बँकेतला साहेब, इंग्रजी वाचणारा, हाताखाली शिपाई असलेला. माझी गोष्ट इथेच संपली असती.

पण तिसऱ्या खेपेला रांगेत मला एक ओळखीचा चेहरा दिसला. आमच्या शाखेत एका स्त्रीशक्ती गटाचे खाते होते आणि त्या गटाचा हिशेब ठेवणारी बाई दर आठवड्याला पासबुक घेऊन यायची. वय तिशीच्या आतबाहेर. ती मला पाहून हसली आणि म्हणाली, ‘‘साहेब, तुमी बी इथं? काय करलालाव?’’

उदगीरकडची ही बोली ज्याने ऐकली नाही त्याला तिचा गोडवा सांगून कळणार नाही. ताईंचे माहेर उदगीर तालुक्यातले, सासर हद्दीच्या अलीकडे भालकी तालुक्यातले. मधला रस्ता तासाभराचा. गटाची कामे, बँक, मुलाची शाळा या सगळ्यासाठी त्यांना स्कूटर हवी होती. नवऱ्याने जुनी घेऊनही दिली होती. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत त्या आदल्या महिन्यात नापास झाल्या होत्या आणि आता दुसऱ्यांदा आल्या होत्या.

मी विचारले, ‘‘ताई, खुणा पाठ केल्या नव्हत्या का?’’

त्या म्हणाल्या, ‘‘खूण कळती साहेब. तिच्याखालचं वाक्य कळंना.’’

त्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेल्या. सासरी आल्यावर आठ वर्षांत कन्नड बोलायला चांगल्या शिकल्या. बाजारात, बसमध्ये, दवाखान्यात त्यांचे कुठे अडत नव्हते. पण बोलणे वेगळे आणि पडद्यावरचे वाक्य ठरलेल्या वेळात वाचून चारांतला एक पर्याय निवडणे वेगळे. त्या दिवशीच्या पर्यायांत त्यांना वाचता येईल अशी भाषा नव्हती. शिवाय वयाच्या पुराव्याला शाळेचा दाखला महाराष्ट्राचा, त्यावर माहेरचे नाव. आधारवर सासरचे नाव. ही दोन्ही नावे एकाच बाईची आहेत असे प्रतिज्ञापत्र वकिलाकडून करून आणावे लागले होते, ते त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते.

आपण स्थलांतरित म्हटले की डोळ्यासमोर बोचके घेऊन रेल्वेतून उतरणारा मजूर आणतो, नाहीतर अमेरिकेत गेलेला संगणक अभियंता. पण २०११ च्या जनगणनेत लोकांनी स्थलांतराचे जे कारण सर्वांत जास्त सांगितले ते लग्न. या देशातला सर्वांत मोठा नवा रहिवासी म्हणजे सून. तिच्यासाठी कुठे कक्ष नसतो, कुठे पुस्तिका नसते. तिने येऊन गुपचूप त्या गावची व्हायचे असते.

आणि या ताई आल्या तरी कुठून होत्या? १९५६ पर्यंत उदगीर आणि भालकी एकाच जिल्ह्यात होते. निजामाच्या हैदराबाद संस्थानातला बिदर जिल्हा. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली आणि या एका जिल्ह्याचे तीन तुकडे तीन राज्यांत गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात. पुढे १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा ते त्यात आले. नारायणखेड वगैरे भाग आंध्रात, आजच्या तेलंगणात. तीन भाषा बोलणाऱ्या जिल्ह्याला तीन घरी वाटून टाकले. पण माणसे काही तालुक्यांच्या हिशेबाने बोलत नाहीत. भालकी-औरादच्या गावांत मराठी राहिली, हद्दीपलीकडे कन्नड राहिली, आणि दोन्हीकडे दखनी उर्दू राहिली. सोयरिकीही चालू राहिल्या. ताईंचे आजोबा आणि त्यांच्या नवऱ्याचे आजोबा एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या अमलाखाली जगले. नातसून मात्र परराज्यातली झाली. गाडीच्या पाटीवर पाहिले तर माहेरी एमएच-२४, सासरी केए-३९. भावाची मोटारसायकल राखीपौर्णिमेला दारात उभी राहिली की ती परराज्यातली गाडी.

सीमाप्रश्नावर मी इथे लिहीत नाही. महाजन आयोग १९६६ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. त्या कागदांवर आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे, आणि त्यात बेळगावचे नाव जेवढे येते तेवढे बिदर-भालकीचे येत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की हद्द कुठेही असो, तिच्या दोन्ही बाजूंना रोज माणसे गाड्या चालवतात, आणि गाडी चालवणाऱ्याला नियम कळले पाहिजेत, हा प्रश्न हद्दीवर अवलंबून नाही.

ताईंनी पुढे काय केले ते सांगतो. त्यांचा मुलगा कन्नड शाळेत दुसरीत होता. त्याने आईला शिकवले. शेजारच्या मुलाकडून आणलेली प्रश्नांची पुस्तिका घेऊन आई-मुलगा रोज रात्री बसायचे. मुलगा अक्षर सांगायचा, आई शब्द ओळखायची. दुसऱ्या वेळी त्या उत्तीर्ण झाल्या. शाखेत पेढे घेऊन आल्या तेव्हा मी म्हटले, ‘‘आता कन्नड वाचता येते म्हणायची.’’ त्या म्हणाल्या, ‘‘रस्त्यावरची येती. पेपरातली नाही.’’

हे उत्तर माझ्या डोक्यात राहिले. कारण त्या सुमारास मीही रस्त्यावरची कन्नडच शिकत होतो, आणि ती शिकताना मला एक गोष्ट लक्षात आली होती. कचेरीच्या दारावर पाटी होती, ‘प्रादेशिक सारिगे कचेरी’. तीनपैकी दोन शब्द आपलेच. सारिगे म्हणजे वाहतूक एवढे कळले की पाटी वाचून झाली. परवान्याला कन्नडमध्ये ‘चालना परवानगी’ म्हणतात. परवाना, परवानगी, दोन्ही फारसीतून आलेले. दख्खनच्या सुलतानांनी मराठीलाही दिले आणि कन्नडलाही दिले. आपण ‘रहदारी’ म्हणतो ती गाड्यांची ये-जा. कन्नडमध्ये ‘रहदारी’ म्हणजे वाहतुकीचे परमिट, आणि जुन्या मराठीतही राहदारी म्हणजे वाटेचा दाखला किंवा वाटेवरची जकातच होती. म्हणजे जो अर्थ आपण हरवला तो त्यांनी सांभाळून ठेवला. वेग, चालक, अपघात हे शब्द दोन्हीकडे तेच. ‘मुंदे शाले इदे’ म्हणजे पुढे शाळा आहे. दोनदा वाचले की कुणीही सांगेल. ‘निधानवागि चलिसि’, सावकाश चला. एड म्हणजे डावी, बल म्हणजे उजवी. ‘अपाय’ या शब्दाने मात्र मला फसवले. आपल्याकडे अपाय म्हणजे इजा. तिकडे रस्त्यावर अपाय लिहिले असेल तर पुढे धोका आहे. घाटाच्या वळणावर हा फरक माहीत असलेला बरा.

असे मोजून बारा शब्द असतील. थांबा, हळू, वळण, पूल, शाळा, गतिरोधक, धोका, डावीकडे, उजवीकडे, पुढे, वाहन उभे करू नये, रस्ता बंद. एवढे शब्द ज्याला वाचता येतात तो त्या मुलखातल्या रस्त्यावर सुरक्षित आहे. बाकीचा कायदा, म्हणजे रुग्णवाहिकेला वाट द्यावी, अपघात झाला तर जखमीला दवाखान्यात न्यावे, रात्री समोरून गाडी आली तर दिवा खाली करावा, हे ज्ञान आहे. ते ज्या भाषेत डोक्यात नीट शिरेल त्या भाषेत शिरावे. त्याची परीक्षाही त्याच भाषेत व्हावी. केंद्र सरकारनेच २०१९ मध्ये व्यावसायिक वाहनाच्या चालकाला आठवी उत्तीर्ण असण्याची अट काढून टाकली. शाळेचे शिक्षण आणि गाडीची अक्कल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिथे मान्य झाले. मग ‘कुठल्या लिपीत शिकलात’ हा अडथळा तरी का असावा?

यावर कुणी म्हणेल, नापास झाली तर झाली, पुन्हा द्यावी, त्यात एवढे काय? एवढे असे की सगळ्याच बाया दुसऱ्यांदा येत नाहीत. पुष्कळ जणी परवान्याशिवायच गाडी चालवू लागतात. गावातल्या गावात कोण विचारतो! आणि मग एक दिवस कुणाला तरी धक्का लागतो. विनापरवाना गाडी चालवण्याचा दंड केंद्राच्या कायद्यात ५०० रुपयांचा ५,००० झाला, पण खरी भीती दंडाची नव्हे. चालकाकडे परवाना नसेल तर विमा कंपनीने अपघातग्रस्ताला आधी भरपाई द्यावी आणि मग ती गाडीच्या मालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायालये देऊ शकतात. २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हा मार्ग पक्का केला. ती वसुली कशातून होते हे बँकेत बसणाऱ्या माणसाला सांगायला नको. कोरडवाहू तुरीच्या चार एकरांतून होते. एका न वाचता आलेल्या वाक्याची किंमत कुठवर जाते ते पाहा. आणि ज्याला धक्का लागला त्याचे काय, हा प्रश्न तर निराळाच.

आता खरे तर इथे ‘कर्नाटक सरकारने सीमाभागात मराठीची सोय करावी’ असे लिहून लेख संपवता आला असता. टाळ्याही मिळाल्या असत्या. मागणी चूकही नाही. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्य लोक १५ ते २० टक्के किंवा अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, हे १९५६ च्या केंद्राच्या निवेदनातच आहे. आणि आज ती सोय करायला फारसा खर्चही नाही. परवान्याची ‘सारथी’ ही संगणक प्रणाली महाराष्ट्रात तीच, कर्नाटकात तीच. महाराष्ट्रात शिकाऊ परवान्याची परीक्षा मराठीत होतेच. खुणा त्याच, कायदा तोच, प्रश्न तयार आहेत. हद्दीच्या अलीकडे एक बटण वाढवायचे आहे.

पण ताईंनीच मला एक प्रश्न विचारून ठेवला होता. पेढा देता देता त्या म्हणाल्या होत्या, ‘‘साहेब, तुमच्या गोव्यात कन्नडवाले लई हैत म्हनतेत. त्येंना कन्नडमधी देतेत का परीक्षा?’’

मी पेढा तोंडात टाकला. बोलावे लागू नये म्हणून.

खाणी जोरात चालू होत्या तेव्हाची गोष्ट. आमच्या भागात खनिजाचे टिपर दिवसरात्र धावायचे, धुळीने घरे लाल व्हायची, आणि महिन्याला एखादा तरी अपघात व्हायचा. टिपरवर कितीतरी चालक कर्नाटकातले, कुणी विजापूरचे, कुणी गदगचे, कुणी याच गुलबर्ग्याचे. एका संध्याकाळी चहाच्या हॉटेलात चर्चा चालली होती आणि मी मोठ्याने म्हणालो होतो, ‘‘ह्या घाट्यांक लायसन कोण दिता रे?’’ सगळे हसले. शेजारच्या बाकावर एक लमाणी चालक चहा पीत बसला होता. त्याला कोकणी कळत असणार, कारण तो पंधरा वर्षे तिथेच राहत होता. त्याने पेला खाली ठेवला, पैसे दिले आणि गेला. तेव्हा मला काही वाटले नव्हते. बिदरच्या त्या रांगेत उभा असताना, खिडकीमागून ‘‘गोवा?’’ असा प्रश्न आला तेव्हा वाटले.

आपण गोव्यातले मराठीवादी, भाषेचा हक्क या विषयावर आपल्याला कुणी शिकवायला नको. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचाही सर्व शासकीय कामांसाठी वापर करता येईल असे वाक्य आले, त्या एका वाक्यासाठी आपण किती भांडलो आणि ते अमलात यावे म्हणून आजही किती भांडतो! खिडकीवर आपली भाषा असणे म्हणजे काय, नसणे म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे. पण हे सगळे आपल्या भाषेपुरते. झुआरीनगरातल्या किंवा म्हापशाच्या बाजारातल्या कन्नड टेंपोवाल्याचा विषय निघाला की आपण लगेच पंधरा वर्षांच्या रहिवासी दाखल्याच्या भाषेत बोलू लागतो. त्याने आमची भाषा शिकावी, नाहीतर परत जावे.

यावर एक आक्षेप रास्त आहे, आणि तो मी स्वतःलाही घेऊन पाहिला. बिदर-भालकीतली मराठी ही त्या भूमीची भाषा. ती हद्द येण्याआधीपासून तिथे आहे. गोव्यातली आजच्या मजुरांची कन्नड ही पोटासाठी आलेल्यांची भाषा. दोन्हींना एकच न्याय कसा? ब्रिटनचे उदाहरणही कुणी देईल. तिथे वाहन परवान्याची लेखी चाचणी १९ परकीय भाषांत ऐकण्याची सोय होती. ७ एप्रिल २०१४ पासून ती बंद केली, दुभाषेही बंद केले. कारणे दिली ती रस्त्यावरच्या सुरक्षिततेची आणि दुभाष्यांमार्फत होणाऱ्या लबाडीची. स्विंडनला गेलेल्या आपल्या गोवेकरांनाही तेव्हापासून इंग्रजीतच चाचणी द्यावी लागते. वेल्श भाषा मात्र ठेवली, कारण ती पाहुण्यांची नव्हे, घरची.

हा भेद मी शाळेच्या बाबतीत मानतो, राजभाषेच्या बाबतीत मानतो, दस्तऐवजाच्या बाबतीत मानतो. रस्त्याच्या बाबतीत मानता येत नाही. कारण टिपरच्या पुढे सायकलवर असलेल्या मुलाला चालकाची भाषा भूमीची आहे की पोटाची याने फरक पडत नाही. चालकाला नियम कळले आहेत की तो पाठ करून, पैसे चारून किंवा दुसऱ्याकडून उत्तरे विचारून सुटला आहे, याने फरक पडतो. लबाडीचा धोका खरा आहे. पण तो दुभाष्याचा धोका आहे. संगणकाच्या पडद्यावर प्रश्न कन्नडमध्ये आला तर दुभाषा लागतच नाही. उलट जिथे उमेदवाराला प्रश्न वाचता येत नाही तिथेच मधला माणूस जन्माला येतो, आणि त्याचा भाव आपल्याला सर्वांना ठाऊक आहे.

म्हणून माझे मत असे. परीक्षा ज्याच्या त्याच्या भाषेत घ्यावी. सीमाभागात मराठीत, गोव्यात कन्नडमध्येसुद्धा. पण त्याच परीक्षेत त्या मुलखातल्या रस्त्यावरचे बारा शब्द त्या मुलखाच्या लिपीत वाचून दाखवायला लावावे, आणि त्यात मात्र सूट नको. भालकीत मराठी सुनेने ‘निधानवागि’ वाचावे. गोव्यात कन्नड चालकाने ‘सवकास’ आणि ‘सावकाश’ दोन्ही वाचावे. बारा शब्दांनी कुणाची अस्मिता बुडत नाही आणि कुणावर अन्यायही होत नाही. उलट तिथूनच भाषा सुरू होते. ताईंची झाली तशी. महाराष्ट्राने २०१६ मध्ये रिक्षाच्या परमिटसाठी मराठीची सक्ती करून पाहिली. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. सक्तीने भाषा शिकली गेली का, हे मुंबईच्या रिक्षात बसणाऱ्यांनी सांगावे. माणूस नव्या मुलखाची भाषा शिकतो तो तिथे जगू लागल्यावर. आधी जगू द्यावे लागते.

गाणगापूर हेच सांगत नाही का? नृसिंह सरस्वती जन्मले विदर्भात कारंज्याला, राहिले नरसोबाच्या वाडीला, आणि शेवटी स्थिरावले कन्नड मुलखात. आणि ज्याने ‘गुरुचरित्र’ लिहिले तो सरस्वती गंगाधर, त्याची मायबोली मराठी नव्हे. तो तसे ग्रंथातच सांगतो. तरी त्याने मराठीत लिहिले आणि आपण चारशे-पाचशे वर्षे त्याचे सप्ताह करतो आहोत. त्याला कुणी खिडकीवर अडवले नाही हे आपले भाग्य.

आणखी एक गोष्ट आपल्या घरातलीच. पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याची डावी बाजू सोडून उजवी घेतली. साहजिकच वसाहतींनीही घ्यायला हवी होती. पण गोव्यात गाड्या डावीकडूनच चालत राहिल्या, कारण हद्दीपलीकडे सगळा हिंदुस्थान डावीकडून चालत होता. साळाझारच्या राजवटीलाही तो नियम बदलावासा वाटला नाही. रस्ता राज्यकर्त्याचे ऐकत नाही, शेजाऱ्याचे ऐकतो. नाहीतर हद्दीवर दोन गाड्या समोरासमोर येतात.

२०१९ मध्ये माझी बदली परत गोव्यात झाली. परवान्यावर पत्ता राहिला तो बिदर जिल्ह्यातला. बदलून घेऊ म्हणता म्हणता आळस झाला. मध्यंतरी आमच्याच तालुक्यात एका नाक्यावर वाहतूक पोलिसाने गाडी थांबवली. पोरगा तरुण, नव्याने भरती झालेला. परवाना पाहिला आणि एकदम हिंदीत सुरू झाला, ‘‘कर्नाटका से? इधर किधर रहता है?’’

मी म्हणालो, ‘‘हांव दिवचलचो.’’

त्याने एकदा परवान्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. त्याला ते पटलेले दिसले नाही. परवाना परत देताना म्हणाला, ‘‘कोकणी बरी शिकलाय मरे!’’